मालगाडीच्या ड्रायव्हरचे घड्याळ

गेल्या वर्षी गणपतीत रात्रीची आरती आटोपल्यावर आम्ही चार-पाच जण मांडवाबाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. चिकपेटची गर्दी ओसरली होती, दुकानांची शटर्स खाली आली होती. आमच्यातले एकजण विट्याकडचे, गलाईचा धंदा करणारे. सकाळपासून भट्टीपुढे बसलेला माणूस. ते मला म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, तुमचं बरं आहे बघा. रेल्वे म्हणजे आठ तास. भोंगा झाला की डबा उचलायचा आणि घर गाठायचं. आमच्या दुकानाला शटर आहे, पण कामाला नाही." सगळे हसले, मीही हसलो. माझ्यापुरते त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. डिप्लोमा करून मी रेल्वेत ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो आणि आजवर इंजिनांच्या देखभालीतच आहे. आमच्या पाळ्या ठरलेल्या असतात. फिरत्या असल्या तरी पुढच्या महिन्यात अमुक तारखेला मी कुठे असेन हे आज सांगता येते.

पण माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मालगाडीचे ड्रायव्हर होते. "उद्या घरी आहात का?" या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांना नोकरीतली बहुतेक वर्षे देता आले नाही. त्या रात्री गलाईवाल्या मित्राला हे सांगायचे राहून गेले. यंदा स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून मंडळाने सांगितले, तेव्हा म्हटले हेच लिहावे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पण अण्णांच्या तेवीस डायऱ्या माझ्याकडे आहेत, १९८१ ते २००३ पर्यंतच्या, आणि नोकरीमुळे नियमांची पुस्तके हाताखालून गेली आहेत. त्या दोहोंच्या आधाराने जे कळले ते मांडतो.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका रेल्वे वसाहतीत राहत होतो. डेपोचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार येणार आहे आणि ती कुणा एकावर ठेवण्याची माझी इच्छा नाही.

आधी हे काम कसे चालते ते सांगतो, कारण रेल्वेत नसलेल्यांना ते ठाऊक नसते. मेल, एक्स्प्रेस आणि पॅसेंजर गाड्यांच्या ड्रायव्हरना 'लिंक' असते. म्हणजे अमुक दिवशी अमुक गाडी घेऊन जायचे, तमुक गाडीने परत यायचे, मग विश्रांती, असे छापील चक्र. मालगाडीला वेळापत्रक नसते. सिमेंटचा रेक भरून झाला, कोळशाच्या वाघिणी तपासून झाल्या, पुढचा मार्ग मोकळा झाला की गाडी 'ऑर्डर' होते. ड्रायव्हर रांगेत असतात. जो आधी घरी आला आणि ज्याची विश्रांती आधी पुरी झाली, त्याचा नंबर आधी. तो नंबर दुपारी दोनला लागेल की पहाटे दोनला, हे कोणीच सांगू शकत नाही.

नंबर लागला की गाडीच्या वेळेआधी साधारण दोन तास कॉलबॉय यायचा. नाव कॉलबॉय, पण आमच्याकडचा पन्नाशीचा होता. सायकल दाराला टेकवून तो कडी वाजवी आणि हाक मारी, "ड्रायव्हरसाहेब, कॉल!" मग कॉल बुकात सही. आई उठून स्टोव्ह पेटवी. अण्णांची लोखंडी पेटी दाराशी भरलेलीच असे. त्यात लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, नियमांचे पुस्तक, आणि त्याच पेटीत तांदूळ, डाळ, तिखटमीठ. परगावच्या रनिंग रूममध्ये पोचल्यावर खायचे काय, ही व्यवस्थाही पेटीतच. घरी ते दिवसा झोपले असले की आम्ही भावंडे दबक्या आवाजात खेळत असू. वसाहतीत प्रत्येक चाळीत एखादे तरी घर असे 'झोपलेले' असायचे आणि त्या दारासमोर कोणी क्रिकेट खेळत नसे.

आता मूळ मुद्दा. मालगाडीच्या ड्रायव्हरच्या कामाचे तास किती, हा वाद शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे असे पुस्तकांत दिसते. माझ्या मते खरा वाद तासांच्या आकड्याइतकाच घड्याळ कुठून सुरू करायचे याचा आहे. ड्रायव्हर डेपोत येऊन सही करतो तेव्हापासून? की गाडी हलते तेव्हापासून? सही केल्यावर त्याने सूचना वाचायच्या, इंजिन ताब्यात घ्यायचे, तपासायचे, गाडीला जोडायचे, ब्रेकचा दाब पाहायचा आणि मग सिग्नलची वाट पाहायची. यात कधी एक तास जातो, कधी चार. रेल्वेच्या भाषेत गाडी सुटल्यापासून पोचेपर्यंतची ती 'रनिंग ड्यूटी', आणि सही केल्यापासून पुन्हा सही करून मोकळे होईपर्यंत ती एकूण ड्यूटी. या दोन मापांतल्या फटीत माणसाची झोप जाते.

आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळेत सगळेच शिकतात. घाट फोडून लोहमार्ग देशावर आला तो त्यानंतर. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये खुला झाला. आपल्या बंगळूरला आगगाडी १८६४ मध्ये मद्रासच्या बाजूने जोलारपेट्टईमार्गे आली. पुण्याकडून मिरज, बेळगाव, हुबळीमार्गे येणारा मीटर गेज मार्ग सदर्न मराठा रेल्वेने पुढे बांधला. ही कंपनी १८८२ ची. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळली आणि 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे याच मार्गाने इकडे आले. त्या काळात मेल गाड्यांवर गोरे किंवा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर असत. आपली माणसे फायरमन, शंटर, फार तर मालगाडीवर. कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा अशी नव्हतीच. गाडी पोचली की काम संपले.

तरी प्रश्न तेव्हाच उठला होता. १८६२ मध्ये हावड्याच्या सुमारे १२०० रेल्वे कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी संप केला. ज्यातून जगाला मे दिन मिळाला ती शिकागोची घटना १८८६ ची, म्हणजे त्याच्याही चोवीस वर्षे नंतरची. इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० मध्ये. आपण दुकाने बंद ठेवून रविवारी सिनेमाला जातो त्यामागे तो माणूस आहे. मालगाडीच्या ड्रायव्हरपर्यंत मात्र तो रविवार अजून आलेला नाही. त्याला विश्रांती मिळते, पण ती मंगळवारी की शुक्रवारी ते गाड्यांवर ठरते.

१८९९ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या सिग्नलरांनी, म्हणजे तारबाबूंनी, संप केला. पगार, कामाचे तास आणि वागणूक या त्यांच्या तक्रारी होत्या. बहुतेक सगळी राष्ट्रवादी वृत्तपत्रे संपकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली आणि लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने महिनोन्महिने त्यांची बाजू लावून धरली. फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा यांच्यासारख्यांनी सभा आणि निधीसाठी खटपट केली. संप फसला. पण सार्वजनिक गणेशोत्सवाला आकार देणाऱ्या टिळकांनी त्यानंतर सहाच वर्षांत रेल्वेतल्या साध्या नोकरांच्या तासांसाठी लेखणी झिजवली, ही गोष्ट आपल्या मांडवात कधी सांगितली जात नाही. सांगायला हवी.

पुढचा टप्पा परदेशातला आहे, पण तिथेही एक मराठी माणूस सापडतो. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते नारायण मल्हार जोशी, ज्यांना आपण ना. म. जोशी म्हणतो. जगाला आठवड्याचे ४८ तास ठरले, हिंदुस्थानला ६०. त्या ठरावात रेल्वेचा उल्लेख होता, पण 'सरकार ठरवील त्या शाखा' अशी पळवाट ठेवून. रेल्वेसाठी कायद्यात दुरुस्ती व्हायला १९३० साल उजाडले आणि पाठोपाठ तासांचे नियम आले. सतत काम असणाऱ्यांना आठवड्याला ६० तास, मधूनमधून काम असणाऱ्यांना ८४. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गेटमन यांना या ना त्या वर्गात जागा मिळाली. ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड या धावत्या नोकरांना मात्र नियमांतून वगळण्यात आले. कारण असे की त्यांच्या कामाची मोजदाद करणे अवघड. ज्यांच्या डुलकीने गाडी जाईल, त्यांनाच घड्याळ नाही.

हे बदलायला सतरा वर्षे गेली. १९४६ मध्ये रेल्वे आणि कामगार संघटना यांच्यातला वाद निवाड्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्याकडे सोपवण्यात आला. (हेच राजाध्यक्ष पुढे १९५२ च्या पहिल्या प्रेस कमिशनचे अध्यक्ष झाले.) मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, त्यांनी निवाडा दिला. सतत काम असणाऱ्यांचे तास ६० वरून ५४, मधूनमधून काम असणाऱ्यांचे ८४ वरून ७५, आणि फार ताणाच्या कामासाठी ४५ तासांचा नवा वर्ग. धावते नोकर पहिल्यांदा नियमांच्या आत आले. एका दमात रनिंग ड्यूटी सर्वसाधारणपणे दहा तासांहून अधिक नसावी, बारा तासांनंतर ड्रायव्हरला 'रिलीफ' मागण्याचा हक्क असावा, त्यासाठी त्याने कंट्रोलला दोन तास आधी कळवावे, असे ठरले.

अण्णांच्या पिढीच्या तोंडी हा 'राजाध्यक्ष अवॉर्ड' पाठ होता. राजाध्यक्षांनी मोठे काम केले यात शंका नाही. पण दोन गोष्टी मनात येतात. एक म्हणजे, त्याच्या आदल्याच वर्षी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात श्रम खात्याचे सदस्य असताना, कारखान्यांतले आठवड्याचे तास कायद्याने ५४ वरून ४८ झाले होते. कारखाना जिथून निघाला त्या ५४ वर रेल्वे येऊन थांबली. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही सतत काम असणाऱ्यांसाठी ५४ चाच आकडा आहे. दुसरी गोष्ट, ते दहा तास रनिंग ड्यूटीचे होते. घड्याळ गाडी हलल्यावर सुरू होणार, हे तसेच राहिले.

दहा तास ऐकायला बरे वाटतात. मग गाडी त्या वेळात का पोचत नाही? याचे उत्तर वेगात आहे. मालगाडी मोकळ्या मार्गावर साठ-सत्तरने धावते, पण मेल आली की तिला बाजूच्या लूप लाईनवर उभे राहावे लागते. देशभरातल्या मालगाड्यांचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास राहिला. म्हणजे दहा तासांत अडीचशे किलोमीटर. उदाहरण सर्वांना आठवेल असे देतो. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. दहा टँकर वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. सगळ्या वाहिन्यांनी दाखवली, जिल्हाधिकाऱ्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळे स्वागताला. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतराला तिला साधारण अठरा तास लागले. साऱ्या महाराष्ट्राचे डोळे लागलेल्या गाडीची ही गत, तर सिमेंटच्या रेकला कोण विचारतो? लूप लाईनवरचे तास ड्रायव्हरला विश्रांतीचे नसतात. इंजिन चालू, नजर सिग्नलवर. तो कधी हिरवा होईल सांगता येत नाही आणि झाला की निघायचे.

वाफेच्या काळात याशिवाय कोळसा होता. अण्णा लागले ते फायरमन म्हणून. इंजिनावर ड्रायव्हर आणि दोन फायरमन, भट्टीची आच समोर आणि मागून वारा. त्यांच्या हातांवर ठिणग्यांचे डाग शेवटपर्यंत होते. डिझेल आले तसे अंग वाचले, पण अण्णा एक विचित्र गोष्ट सांगत. कोळशाच्या इंजिनावर झोप येत नसे, कारण फावडे थांबत नसे. डिझेलची केबिन उबदार, आवाज एकसुरी, आणि पहाटे तीन ते पाचची वेळ. "डोळे उघडे असतात रे, पण दिसत काहीच नसतं," असे ते म्हणत. आज याला शास्त्रीय नाव आहे आणि त्यावर इंजिनात उपकरणही आहे. ड्रायव्हरने मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक आपोआप लागतात. त्या उपकरणाची तपासणी माझ्याच कामात येते. ते माणसाला जागे ठेवत नाही, तो जागा आहे की नाही एवढे विचारते.

१९७० नंतर ड्रायव्हरांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. मोठ्या मान्यताप्राप्त युनियन आपल्याकडे लक्ष देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. १९७३ च्या मे आणि ऑगस्टमध्ये त्यांनी काम थांबवले. मालवाहतूक ठप्प झाली आणि ऑगस्ट १९७३ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांनी संसदेत आश्वासन दिले, की ड्रायव्हरचे काम दहा तासांवर आणू, आणि ते सही केल्यापासून सही करून सुटेपर्यंत. घड्याळ पहिल्यांदा बरोबर जागी ठेवले गेले, निदान शब्दांत. ते टप्प्याटप्प्याने होणार होते. पुढच्याच वर्षी ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी रेल्वे संप झाला. सुमारे सतरा लाख कामगारांच्या या संपाच्या मागण्यांत बोनस, पगार यांच्याबरोबर आठ तासांची ड्यूटीही होती. वीस दिवसांत तो मोडून काढला गेला. हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. अण्णा त्यावर फारसे बोलत नसत. आई एकदाच म्हणाली होती, की त्या वीस दिवसांत ते सलग रात्री घरी झोपले आणि तरी त्यांना झोप लागली नाही.

पुढच्या काळात नियमांत तीन आकडे बसले, १०, १२ आणि १४. रनिंग ड्यूटी दहा तास, सूचना देऊन बारापर्यंत, आणि सहीपासून सहीपर्यंत चौदा. १९७३ चे 'सहीपासून दहा' कागदावर राहिले.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीची पहिली काही वर्षे होती. एका रात्रपाळीला मालगाडीचे इंजिन माझ्याकडे तपासणीला होते आणि ब्रेकच्या हवेची गळती सापडत नव्हती. ड्रायव्हर रात्री दहाला सही करून आला होता. तो आणि त्याचा सहायक बाकावर बसून होते. मला ते इंजिन घाईत सोडायचे नव्हते आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पहाटे साडेतीनला इंजिन दिले. गाडी चार वाजून दहा मिनिटांनी हलली. जाताना ड्रायव्हर, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, एवढेच म्हणाला, "साहेब, माझे तास आता सुरू झाले." हिशेब केला तर नियमाप्रमाणे त्याला दुपारी बारापर्यंत चालवता येत होते. इंजिनाचे काम मी नियमाने केले, गाडी नियमाने गेली, आणि जो माणूस चार वाजता निघाला तो खरे तर सहा तास आधीच जागा राहून थकलेला होता. त्याला मी 'थोडं पडा, इंजिन झाल्यावर उठवतो' असे म्हणू शकलो असतो. मला सुचले नाही. ज्याच्या घरात कॉलबॉयची हाक ऐकत बालपण गेले त्यालाही सुचले नाही, हे मला लागते.

हा प्रश्न फक्त ड्रायव्हरांचा नाही, हे लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनच्या अपघाताने दाखवले. १२ डिसेंबर १९८८ रोजी तिथे ३५ माणसे गेली. चूक सिग्नलच्या एका तारेची होती आणि ती जोडणारा तंत्रज्ञ कित्येक आठवडे जवळपास सुट्टीशिवाय काम करीत होता. आम्हा देखभालीच्या लोकांना हे उदाहरण प्रशिक्षणात सांगायला हवे. अमेरिकेने मालगाडीच्या चालकांसाठी १९०७ मध्ये सोळा तासांचा कायदा केला आणि पुढे तो बारावर आणला. तिथे बारा तास भरले की गाडी जिथे असेल तिथे थांबते आणि दुसरा ड्रायव्हर मोटारीने आणून चढवतात.

आपल्याकडेही बदल झाले, ते नाकारून चालणार नाही. कॉलबॉयची सायकल गेली. आता संगणकावर सगळ्या ड्रायव्हरांची रांग दिसते, कॉल मोबाईलवर येतो. सही करताना यंत्रात फुंकर मारून दारू घेतलेली नाही हे दाखवावे लागते. ड्रायव्हरला लोको पायलट म्हणतात आणि २०२२ पासून गार्ड ट्रेन मॅनेजर झाला. एका उच्चाधिकार समितीने २०१३ मध्ये या तासांचा अहवाल दिला. त्यानंतर २०१६ मध्ये रनिंग ड्यूटी सर्वसाधारणपणे नऊ तास आणि सहीपासून सहीपर्यंत अकरा तास अशी मर्यादा आली. सलग रात्रपाळ्या सहावरून चारवर आल्या. ड्रायव्हरांची मागणी दोनची आहे. चौदावरून अकरा हा फरक मोठा आहे. आमच्या शेडमधून इंजिन निघायला उशीर झाला तर आता कंट्रोलचा फोन येतो, कारण सहीपासूनचे घड्याळ त्यांनाही दिसते.

विश्रांतीचे घड्याळ मात्र अजून भांडणात आहे. लांबच्या ड्यूटीनंतर मुख्यालयात सोळा तासांची विश्रांती असते. शिवाय कायद्याप्रमाणे महिन्यात चार वेळा किमान तीस तासांची किंवा पाच वेळा बावीस तासांची. हे तीस तास त्या सोळा तासांसह की त्यांच्यापुढे? ड्रायव्हर म्हणतात, दोन्ही मिळून शेहेचाळीस. हे प्रकरण आपल्याच शहरातल्या केंद्रीय श्रम आयुक्तांच्या कार्यालयात आणि पुढे उच्च न्यायालयात गेले होते. जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेच्या लोको पायलटांनी याच मुद्द्यावर आंदोलन केले. सोळा तासांत घरी पोचणे, जेवण, झोप, बाजारहाट, मुलाच्या शाळेत जाणे आणि पुन्हा दोन तास आधी तयार होणे हे सगळे बसवायचे असते.

एक अभिमानाची गोष्ट सांगतो. साताऱ्याच्या सुरेखा यादव माझ्यासारख्याच डिप्लोमावाल्या, कऱ्हाडला शिकलेल्या. १९८९ मध्ये त्या सहायक ड्रायव्हर झाल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे ड्रायव्हर म्हणून ओळखल्या गेल्या. २०११ मध्ये त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये वंदे भारत, आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. वर्तमानपत्रांत फोटो आले ते या गाड्यांचे. त्यांची सुरुवात मात्र वाडी बंदर ते कल्याणच्या मालगाडीवर झाली होती. इंजिनात शौचालय नसलेल्या त्या काळात एका बाईने ते तास कसे काढले असतील याचा विचार रेल्वेतल्या पुरुषांनीही फारसा केला नाही.

अण्णांना निवृत्तीआधी दोन वर्षे पॅसेंजरची लिंक मिळाली. आईने तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला होता आणि शेजारणींना दाखवत असे. तेवीस डायऱ्यांत गणेश चतुर्थीच्या सकाळी अण्णा घरी असल्याची नोंद नऊ वेळा आहे. त्यातल्या दोन त्या शेवटच्या वर्षांतल्या.

लेख लिहिताना एक पान मी पुन्हा पुन्हा उघडले. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. दुपारी कॉल आला. घरचा गणपती त्या वर्षी पहिल्यांदा मी उचलला, तेरा वर्षांचा होतो. विसर्जन करून आलो, झोपलो आणि पहाटे चारच्या सुमारास सगळी वसाहत घराबाहेर पळाली. किल्लारीचा भूकंप. सुमारे दहा हजार माणसे गेली, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळत गेले. आई मात्र रात्रभर रुळांच्या दिशेने पाहत उभी होती. अण्णा तेव्हा एका लहान स्टेशनच्या लूप लाईनवर गाडी घेऊन थांबले होते. रूळ आणि पूल तपासून होईपर्यंत गाडी हलवायची नाही असा निरोप होता, आणि तो योग्यच होता. बदलीचा ड्रायव्हर पाठवायला साधन नव्हते.

डायरीत त्यांनी भूकंपाबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. नेहमीच्या अक्षरात नेहमीचे रकाने भरले आहेत. साइन ऑन १७.३०. गाडी सुटली २१.१५. पोचली १४.२०. साइन ऑफ १४.५०. रनिंग ड्यूटी १७ तास ५ मिनिटे. एकूण २१ तास २० मिनिटे. ड्रायव्हरचा भत्ता किलोमीटरवर मिळतो, म्हणून शेवटचा रकाना त्याचा असे. त्यात लिहिले आहे, ११२.